आबाजींची जमदाड

पाच दिवस माझा उजवा हात माझ्या मालकीचा नव्हता. हळद लागली त्या सकाळी मायनं तो धुऊन पुसून दिला, बाबांनी त्यात कट्यार ठेवली, आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही असं घरादारानं मिळून बजावलं. आमच्या भागात नवरदेवाच्या हाती कट्यार असते, हे कोणाला नव्यानं सांगायला नको. हल्ली ती बाजारात मिळते, पत्र्याची, सोनेरी रंग फासलेली. टोकाला लिंबू टोचलं की काम भागतं, आणि वरातीत नवरदेव ती मांडीवर टाकून खुशाल मोबाइल पाहत बसतो. आमची तशी नव्हती. भाऊबंदांच्या सात घरांत मिळून एकच होती आणि ती खरी होती. ज्याच्या घरी लग्न निघालं त्याच्याकडे ती जायची, आणि बाकीचं वर्ष आबाजींच्या घरी ज्वारीच्या कोठीमागे तेलकट फडक्यात पडून असायची.

आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे काका. सुरीला असते तशी मूठ या कट्यारीला नव्हती. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या, आणि पुढे वीतभर पातं. दांड्या मुठीत धरायच्या, म्हणजे पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना येऊन बसतात. एकदा हात आत गेला की तो हात दुसऱ्या कशाच्या कामाचा राहत नाही. जेवायचं कसं, तर करवलीनं भरवायचं. करवली म्हणजे माझी धाकटी बहीण लीला. सोळा वर्षांची ती पोरगी ताटात वरण-पोळी कुस्करायची आणि माझ्या तोंडासमोर घास धरून मुद्दाम थांबायची. "आऽ कर नं भाऊ, कावळा आला पाह्य," म्हणायची. मांडवातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी एकवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक पास होतो, आणि मला बहिणीच्या हातून घास खावा लागत होता.

घर आमचं हिंगणीचं. गावाच्या बोर धरणाकडच्या अंगाला आमची भाजीची वाडी. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात अंबाडी. घरातला प्रत्येक दिवस वाडीच्या हिशेबानं उगवायचा. पहाटे इंजिनाची फटफट सुरू झाली की बाबा उठलेत, ती थांबली की बाबा जेवायला येतायत. मायच्या नखांत टमाट्याच्या पाल्याचा हिरवा डाग कायम, तो दिवाळीच्या उटण्यानंही जात नसे. मला वाडीचा राग नव्हता. ताज्या तोडलेल्या सांभाराचा वास आजही आला तरी मी क्षणभर थांबतो. राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाबांनी माझं पुढचं सगळं आयुष्य वाफ्यासारखं आखून ठेवलं होतं आणि त्यात पाणी कुठून सोडायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मॅट्रिक झाल्यावर मी घरात पुस्तकं आणायला लागलो, सेलूच्या बाजारात वांग्याची पाटी समोर ठेवून वाचायला लागलो, आणि गिऱ्हाईक वांगी चिवडून निघून जायला लागलं. तेव्हा ते मायला म्हणाले, "या पोट्ट्याले खुट्याले बांधा लागते आता." महिन्याभरात गिरडच्या अलीकडच्या एका गावातली मुलगी ठरली.

मुलगी मी पाहिली होती, म्हणजे तिचे हात पाहिले होते. पोह्यांची ताटली घेऊन आली तेव्हा मान वर करायची माझी छाती झाली नाही. हात सावळे होते आणि उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. नाव वच्छला, शिक्षण सातवी. परत येताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "कशी वाटली?" मी म्हणालो, "बरी आहे." तेवढ्या दोन शब्दांवर माझं लग्न जमलं. नको म्हणायला मला त्या मुलीत काही दिसलं नव्हतं, आणि नको कशाला म्हणायचं ते मला धड कळतही नव्हतं.

तर ते पाच दिवस. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. ऊन असं की दुपारपर्यंत पानं मान टाकायची. त्या मांडवाखाली एका पाटावर मी. अंगभर हळद, त्यावर घाम, घामावर माशा, आणि मारायला एकच हात. एकट्यानं कुठे जायचं नाही. हळदीच्या अंगाला बाहेरचं काही लागू नये म्हणून परसाकडे जातानासुद्धा कोणीतरी टमरेल घेऊन सोबत. झोपताना कट्यार सुटू नये म्हणून मनगटाला पिवळ्या चिंधीनं बांधलेली. सकाळी डफडेवाले यायचे आणि माझ्याच कानाशी उभं राहून वाजवायचे. लोक येत होते, जेवत होते, मला हळद लावत होते, माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलत होते. मला मात्र कोणी काही विचारत नव्हतं. बाबा येता-जाता तिरक्या नजरेनं फक्त कट्यार हातात आहे की नाही ते बघायचे. घरच्या बैलाला दावणीला बांधल्यावर ते असंच बघत.

करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मी हातातल्या त्या वस्तूकडे बघत बसलो, आणि बघता बघता तिच्या नावाच्या मागे लागलो. सगळे तिला कट्यार म्हणत. एकटे आबाजी तिला जमदाड म्हणायचे. "जमदाड पुसून ठेव," "जमदाडीले तेल दे." मी विचारलं, "आबाजी, जमदाड म्हंजे काय?" ते म्हणाले, "म्हंजे जमदाड." "पन हा शब्द आला कुठून?" "माह्या बापाकडून आला. त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आला. तुले काय वाटते, सेलूच्या बाजारातून आनला?"

मग जो पाहुणा हळद लावायला येईल त्याला मी तोच प्रश्न घालायला लागलो. गावचा लोहार म्हणाला, काटते म्हणून कट्यार, त्यात इचारायचं काय. बल्लारशाकडून आलेले एक मावसे होते, रेल्वेत नोकरीला. त्यांच्या शेजारी सगळा तेलुगू मुलूख. ते म्हणाले, "आमच्या तिकडे सुरीले कत्ती म्हन्तेत बाप्पा. तुमची कट्यार आमच्या कत्तीची बहीन असन." ज्याला ठाऊक नव्हतं त्यानंही ठोकून सांगितलं. मायनं कपाळावर हात मारला. नवरदेव हळदीत हुंदडतात, लाजतात, एखादा रुसतोही, पण सुरीचं खानदान विचारत बसलेला नवरदेव तिनं पाहिला नव्हता. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या कोंडवाड्यात तेवढी एकच फट होती. कोणी नवीन काही सांगितलं की घटकाभर वारा आल्यासारखं वाटायचं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. आमच्या शाळेच्या गुरुजींनी दोन महिन्यांपूर्वी माझं नाव नागपूरच्या एका प्राध्यापकांना कळवलं होतं. ते खेड्यापाड्यांतले जुने शब्द गोळा करत होते आणि त्यांना पायी फिरून, माणसांशी बोलून शब्द टिपून आणणारी दोन मुलं हवी होती. कार्डावर लिहिलं होतं की प्राध्यापक एक दिवस वर्ध्याला एका शाळेत उतरणार आहेत, सकाळी नऊला भेटावं, त्यानंतर भेट होणार नाही. तारीख माझ्या लग्नाची होती. मी ते कार्ड डाव्या हातात धरून तीनदा वाचलं. उजव्या हातात कट्यार होतीच.

बाबांना सांगितलं. त्यांनी कार्ड वाचलंही नाही. "हळद लागलेला नवरदेव गावची शीव ओलांडत नाही," म्हणाले. मी म्हणालो, वरात वर्ध्यावरूनच तर जाणार आहे. "वरातीत जाजो नं मंग. वरात दुपारी निंगते." मी म्हणालो, दुपारी ते भेटणार नाहीत. "नाई भेटले तं नाई भेटले. शब्द गोया करून कोनाचं पोट भरलं? शब्दाले पानी देतो का फवारा मारतो?" मांडवातले चार जण हसले. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण पट्ट्यांत अडकलेला हात उगारला गेला आणि कट्यारीचं टोक बाबांच्या दिशेनं झालं. टोकावरचं लिंबू निसटून बाबांच्या पायाशी पडलं. बाबांनी वाकून ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा टोकाला टोचलं. मग वाडीकडे निघून गेले. त्या लाजेनं मी पुढचे दोन दिवस कोणाशी बोललो नाही, पण कार्ड मात्र कमरेला खोचून ठेवलं.

वाट काढली आबाजींनी. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते काठी टेकत आले, माझ्या पाटासमोर बसले आणि बाबांना बोलावून घेतलं. "माह्या मोठ्या भावाच्या लग्नात काय झालतं, आठवते का तुले?" बाबा म्हणाले, ऐकलं आहे. मला माहीत नव्हतं. लग्नाच्या दिवशी अवकाळी पाऊस येऊन नदीला पूर आला होता. नवरदेव एका काठाला अडकला. पोहणाऱ्या एका गड्याच्या डोक्याला बांधून कट्यार तेवढी पलीकडे गेली, तिला पाटावर बसवलं, समोर अंतरपाट धरला आणि लग्न लागलं. नवरदेव तिसऱ्या दिवशी पोचला तो जावई म्हणूनच. "जमदाड हाय तं नवरदेव हाय," आबाजी म्हणाले. "मंग जमदाड बसू दे ना मांडवात. तिले हळद लाव, बाशिंग बांध. पोट्टा जाऊ दे वर्ध्याले. शीव नवरदेवानं ओलांडायची नाई, आन नवरदेव तं इथंच हाय. दुपारी वरात निंगन तवा बसस्टँडपाशी त्याले गाडीत घ्या, जमदाड त्याच्या हाती द्या, झालं."

काकाचा शब्द मोडायची रीत घरात नव्हती. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारा वाजता बसस्टँडपाशी उभा राह्यजो. मुहूर्त गोरजाचा हाय. थांबता येनार नाई."

सकाळी चिंधी सोडली. बोटं उघडायला वेळ लागला. मनगटावर दोन्हीकडे लाल वळ आणि तळहाताला लोखंडाचा वास. माझ्या पाटावर लीला कट्यार घेऊन बसली, आबाजींनी कट्यारीला बाशिंग बांधलं आणि बाया कट्यारीलाच हळद लावायला लागल्या. मी तिथेच उभा होतो, पण कोणाची माझ्याकडे नजर नव्हती. कोणी म्हणालंही नाही, जाऊन ये.

शाळेच्या वर्गात आम्ही अकरा मुलं होतो. बाकीची दहा माझे पिवळे हात आणि पिवळे कान बघत होती. प्राध्यापक बुटके होते, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. त्यांनी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. तिच्यावर चार रकाने होते : शब्द, अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला, कुठून आला. म्हणाले, मला ठाऊक नसेल असा एक शब्द लिहा. मी लिहिलं, जमदाड. अर्थ, नवरदेवाच्या हातातली कट्यार. तोंडून, आबाजी. चौथा रकाना कोरा ठेवला. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या आणि माझी हातात धरून म्हणाले, "ठाऊक आहे हो मला. पण जुन्या कागदांत वाचलेला. कोणाच्या तोंडी अजून आहे हे ठाऊक नव्हतं." मग ते माझ्या शेजारी बाकावरच बसले, मांडवात कोणी काय सांगितलं ते माझ्याकडून ऐकून घेतलं आणि सांगायला लागले. योगीचा जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली, तसा यमाचा जम. यमदंष्ट्रा, म्हणजे यमाची दाढ, तीच जमदाड असावी. दुसरे म्हणतात दाढ नव्हे, धार. जमधर असाही शब्द आहे. कट्यार संस्कृतात कट्टार म्हणून सापडते, पण ती संस्कृतातही दक्षिणेकडूनच आली असावी, तुमचे ते बल्लारशाचे मावसे फारसे चुकलेले नाहीत. "पंडितांचं एकमत नाही," ते हसून म्हणाले. "एकमत झालं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

माझ्या प्रश्नाला कोणीतरी एवढा वेळ दिला, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. डोळे भरून आले ते मी हळदीच्या हातांनीच पुसले आणि मग तासभर डोळे चुरचुरत राहिले. निघताना ते म्हणाले, सोमवारी नागपूरला या, दोन वर्षं फिरायचं आहे. साडेअकराला मी बसस्टँडवर होतो. म्हणजे वेळेच्या आधी. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्या दिवशी आणि नंतर आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की साहेबांनी सोडलं नाही, म्हणून उशीर झाला.

बसस्टँडसमोर एक रसवंती होती. उसाच्या चरकाला घुंगरं, ती सारखी छुमछुमत होती. तहान लागली म्हणून मी आत गेलो आणि मागच्या तट्ट्याला टेकून बसलो. बाराच्या सुमारास वरातीचा ट्रक आला. पुढे आंब्याचे डहाळे बांधलेले, मागे सगळे भाऊबंद, डफडेवाले. पुढच्या बाजूला ड्रायव्हरशेजारी आबाजी, त्यांच्या शेजारी लीला, आणि लीलाच्या मांडीवर बाशिंग बांधलेली कट्यार. मी ग्लास खाली ठेवला. उठायचं होतं. उठून वीस पावलं चालायचं होतं. आणि मी तट्ट्याच्या मागे सरकलो.

का, ते मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. मनगटावरचे वळ नुकते फिके पडत होते. ट्रकपर्यंत गेलो की हात पुन्हा त्या पट्ट्यांत जाणार होता आणि या वेळी तो कधी निघेल ते मला दिसत नव्हतं. बाबा ट्रकमधून उतरले. कपाळाशी हात धरून त्यांनी सगळा स्टँड पाहिला. "गुणवंताऽ" अशी हाक मारली. मग फलाटांवर जाऊन आले, पुन्हा हाक मारली. त्यांचा आवाज मी वाडीत रोज ऐकायचो, पण त्या हाकेत भीती होती. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. माझ्या पोराचं काही झालं तर नाही ना, असा तो आवाज होता. मी तट्ट्यामागे श्वास धरून उभा. रसवंतीवाला माझ्याकडे बघत होता, माझ्या पिवळ्या कानांकडे आणि मग त्या ट्रककडे. अर्धा तास ट्रक उभा होता. मग आबाजींनी बाबांना काहीतरी सांगितलं, बाबा वर चढले आणि ट्रक हिंगणघाटच्या रस्त्याला लागला.

मी आणखी एक ग्लास रस घेतला. सुटलो, असं मनाशी म्हणालो. नागपूरची बस समोर लागली होती. सोमवारपर्यंत कुठेही राहता आलं असतं. मी त्या बसच्या पायरीपर्यंत गेलो, आणि तिथं आबाजींचं वाक्य डोक्यात आलं : जमदाड हाय तं नवरदेव हाय. म्हणजे लग्न थांबणार नव्हतं. ते लागणारच होतं. मी गेलो काय आणि न गेलो काय, संध्याकाळी त्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र पडणार होतं. मी मोकळा राहणार होतो आणि ती मात्र आयुष्यभरासाठी बांधली जाणार होती, वीतभर लोखंडाला. ना कुमारी, ना सवाष्ण. तिनं तर काही ओलांडायला मागितलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "चढता का बाजूले होता?" मी बाजूला झालो. मला अंगठ्यावरचा तो भाजल्याचा डाग आठवत होता.

हिंगणघाट, समुद्रपूर, पुढे एका ट्रॅक्टरवर. गिरडची टेकडी दिसायला लागली तेव्हा तिच्या माथ्यावर मावळतीचं ऊन होतं. पोचलो तेव्हा अक्षता उधळून झाल्या होत्या आणि पंगत बसली होती. आलू-वांग्याच्या भाजीचा वास, बुंदीचं पातेलं, वाढप्यांची आरडाओरड. मला पाहून बाबा वाढता वाढता थांबले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, धडधाकट आहे याची खात्री केली, आणि पुन्हा वाढायला लागले. "साहेबांनी सोडलं नाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. लीला पाणी घेऊन आली. तांब्या हातात देताना म्हणाली, "लय तहान लागली असन नं, भाऊ?" तेव्हा तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही.

मांडवात दोन पाट होते. एकावर वच्छला, दुसरा रिकामा. कट्यार नुसती पाटावर ठेवणं तिच्या मामाला पटलं नव्हतं, म्हणून लग्न लागल्यापासून त्यांनी ती वच्छलाच्याच हातात दिली होती, नवरा येईपर्यंत सांभाळ म्हणून. तिचा हात बारीक. पट्ट्यांमधून तो मनगटाच्या पार वर गेला होता आणि हळदीनं निसरडी झालेली दांडी तिनं घट्ट आवळून धरली होती. मी शेजारी बसलो. तिनं मान वर केली नाही. फक्त हात पुढे केला.

"धरा," म्हणाली. "हात भरून आला."

आमच्या संसारातला पहिला शब्द तो. मी कट्यार घेतली. लोखंड तिच्या हातानं कोमट झालं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सोमवारी मी नागपूरला गेलो. बाबांनी अडवलं नाही. वाडीत हात कमी पडणार होता, तो त्यांना मिळाला होता. दोन वर्षं मी वर्धा, चंद्रपूर, यवतमाळची गावं पालथी घातली. ढाब्यांवर, पारांवर, गोंड माणसांच्या अंगणात बसून बोललो. आयुष्यातले सगळ्यात मोकळे दिवस ते. त्या दोन वर्षांत वच्छला हिंगणीत होती, पहाटे इंजिन सुरू करत होती आणि तिच्या नखांत हिरवा डाग बसत होता. राखी-दिवाळीला मी चिठ्ठ्यांचं गाठोडं घेऊन यायचो, ते ओसरीवर ओतायचो, आणि ती सातवीच्या शिक्षणावर त्या अकारविल्हे लावून पत्र्याच्या पेटीत रचायची. नंतर मी मास्तर झालो, मुलं झाली, बाबा गेले, आबाजी त्यांच्याही आधी गेले. प्राध्यापकांचं ते मोठं काम कधी पुरं झालं नाही, चिठ्ठ्या पेटीतच राहिल्या. लग्नाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि मी समजलो की तिला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक मुलगी आली. सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो घेऊन कॉम्प्युटरवर चढवते म्हणाली. तीन दिवस ती ओसरीवर बसून मोबाइलनं एकेक चिठ्ठी टिपत होती. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली. "सर, ही तुमच्या अक्षरातली नाही." मी चष्मा लावला. चिठ्ठी जुनी, पिवळी पडलेली, अक्षर गोल, शाळकरी, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ.

शब्द : जमदाड.

अर्थ : जो रसवंतीमागं लपला त्याच्या बदल्यात आली ते.

कोणाच्या तोंडून ऐकला : लीलाबाई.

कुठून आला, हा रकाना कोरा होता.

मी ती चिठ्ठी घेऊन आत गेलो. वच्छला स्वयंपाकघराच्या दारात अंबाडी निवडत बसली होती. मी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. तिनं ती हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"सापडली का?" म्हणाली.

"कधी लिहिली?"

"पह्यल्याच राखीले. लीलाबाईनं सांगतलं तवा. ट्रकातून तुमचे कान दिसले म्हने त्याहिले, पिवये."

लीलानं पाहिलं होतं. पाहूनही ती बापाला काही बोलली नव्हती. मी तिथेच चौकटीला धरून खाली बसलो. मला रडू आलं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला येऊ नये तसं. "इतके वर्षं बोलली काऊन नाई मग?" मी विचारलं.

तिनं एक दांडी तोडली, पानं टोपल्यात टाकली. "काय बोलू? तुमाले कोनीतरी शीव ओलांडू देल्ली. तुमी दोन वर्ष गावोगाव फिरले. मी तुमच्या वाडीत. कोनाले इचारू?" ती रागानं बोलत नव्हती. अंबाडी निवडावी तशा सावकाश, एकेक करून ती वाक्यं बाजूला काढत होती. "आन तुमी सांगसान म्हनून वाट पाह्यली. लोकायले एवढे शब्द इचारून आले, घरातला एक तरी सांगसान."

मग तिनं हात पदराला पुसले, चिठ्ठी घेतली आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. अंगठ्यावरचा डाग अजून आहे, आता सुरकुत्यांत मिसळला आहे.

"हा तुमचा हाय," ती म्हणाली. "म्हनून सोडला. लिहा."

मी पेन घेतलं. रकाना दोन बोटांचा होता, त्यात हे मावलं नसतं. म्हणून महिनाभर बसून इतकं लिहिलं. आता ती आजची अंबाडी निवडून उठली की तिला वाचून दाखवणार आहे.